कांदा येईपर्यंत

आमच्या डोंगरातल्या तोराल्बिना गावात उगाच कुणी पळत नाही. पळायला काहीतरी कारण लागतं. कुठे आग लागलेली असते, किंवा कुणाच्या शेळ्या दुसऱ्याच्या भाजीच्या वाफ्यात शिरलेल्या असतात. त्यामुळे भट्टीवाली ओरोसिया पहिल्यांदा भर सकाळी चौकातून धापा टाकत गेली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी जे करायचं तेच केलं. मी बारमधली बादली उचलली. निकानोर म्हातारा शिडी घेऊन धावला. कुणीतरी चर्चची घंटा बडवायला सुरुवात केली. धुण्याच्या दगडांपर्यंत आम्ही तिच्या मागे पळालो, तेव्हा कुठे ती वळली आणि आमच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं? कुठे लागली आग?" तिनेच आम्हाला विचारलं.

"तूच सांग! पळतेस तू!"

"मी व्यायाम करतेय."

निकानोरने शिडी खाली ठेवली. "व्यायाम? अगं, रोज पहाटे उठून कणकेशी कुस्ती खेळतेस, त्यात भागत नाही का तुझं?"

"डॉक्टरीणबाईंनी रोज तासभर चालायला सांगितलंय. तासभर मला कुठला मिळायला? पळून अर्ध्या वेळात उरकते."

ही ओरोसिया. उंचीने बेताची, अंगाने भरलेली, दंड भट्टीच्या कामाने घट्ट झालेले. नवरा सेबास्तियान पावाची गाडी घेऊन खालच्या गावांतून हॉर्न वाजवत फिरतो, मुलगा शिकायला वेस्का शहरात गेलेला. पहिली भट्टी उतरली की पीठ झटकायचं, नवऱ्याचे जुने बूट चढवायचे आणि निघायचं, हा तिचा तेव्हापासूनचा नेम. मी एव्हारिस्तो, चौकातला बार माझा. काउंटरच्या मागे उभं राहून सगळं गाव बघणं हा माझा धंदा आहे आणि पळणं मला अजिबात आवडत नाही. तेव्हा मी जे सांगतो आहे ते कौतुकाच्या भरात सांगतोय असं कुणी समजू नये.

तिच्या वाटा ठरलेल्या होत्या. मन ठिकाणावर असलं की बदामाच्या मळ्यांमधून पूर्वी बर्फ साठवायचे त्या जुन्या विहिरीकडे. पाव करपले, नवऱ्याशी वाजलं, की धुण्याच्या दगडांवरून लहान फेरा. तो ती इतक्या रागाने पळायची की कुत्री बाजूला व्हायची. आणि कसाही दिवस असो, शेवटी वरच्या आळीचा चढ. आम्ही बारमध्ये बसून तिने कुठली वाट धरली ते बघून तिच्या घरचं हवामान सांगायचो. "आज दगडांवरून गेली. सेबास्तियानचं काही खरं नाही," असं निकानोर म्हणायचा आणि ते बहुधा खरंच निघायचं.

पण ती पळते हे म्हणण्यापुरतंच. आमच्याकडे कुणाच्या दारावरून न बोलता पुढे जाणं म्हणजे त्या माणसाला थोबाडीत मारण्यासारखं. त्यामुळे ओरोसिया दर दारापाशी थांबायची. थांबायची म्हणजे जागच्या जागी पाय आपटत राहायची आणि तोंडाने "गुडघा कसा आहे? सून आली का? गाय व्याली का?" चालू ठेवायची.

"स्थिर उभी राहा गं बाई," निकानोर ओरडायचा, "मला गरगरायला लागतं तुझ्याकडे बघून!"

मग लोकांनी तिला कामं चिकटवायला सुरुवात केली. वर जातेच आहेस तर ही औषधं दे. खाली येतेच आहेस तर ही अंडी घेऊन जा. अंडी एकदाच दिली. ती पोचली तेव्हा ऑम्लेट व्हायचीच काय ती बाकी होती.

वरच्या आळीत सगळ्यात शेवटचं घर प्रिस्का मावशीचं. वय नव्वदीच्या पुढे, पाठ वाकलेली, जीभ मात्र ताठ. तिची आळी हळूहळू ओस पडली. शेजारची दारं बंद झाली, त्यांच्या उंबऱ्यांवर गवत आलं. मावशीला आता उतार उतरवत नाही. ओरोसिया रोज पाठीला पाव बांधून तिच्याकडे पोचायची, घोटभर पाणी प्यायची, शिव्या खायची आणि उतरायची.

"बूट बघ तुझे! घोड्याला बरे नाल ठोकतात याहून."

"मावशी, पाव घ्या."

"करपलाय."

"कुठे करपलाय?"

"खालून. तू पळत आणलास ना, तापला असेल."

हे सगळं आमच्या शर्यतीशी कसं जोडलंय ते आता सांगतो. संत रोकेच्या सणाला, ऑगस्टात, आमच्याकडे कोंबड्यांची शर्यत असते. पळतात माणसं, कोंबडे बक्षीस असतात. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आणि जो सगळ्यांच्या शेवटी येतो त्याला एक कांदा. कांद्याला हसायचं, पण कांदा आल्याशिवाय पुढे काही करायचं नाही. कोंबडे वाटायचे नाहीत, वाइनचं पिंप फोडायचं नाही, कुणी जेवायला बसायचं नाही. डोंगराची वाट आहे, कुणाचा पाय मुरगळलेला असेल, कुणी दरीकडे घसरलेलं असेल. एक माणूस बाहेर असताना गावाने खायला बसायचं नाही, असं आमचे आजेपणजे ठरवून गेले. आणखी एक ठरलेलं आहे: जो जिंकतो त्याने हातात कोंबडे घेऊन पुढल्या वर्षीची वाट सांगायची. एकदा सांगितली की ती बदलत नाही. सरपंच बदलली तरी नाही.

पूर्वी वाट कुठलीही असो, वरच्या आळीतून जायचीच. प्रिस्का मावशी दारात टेबल टाकून बसायची. टेबलावर वाइनमध्ये मुरवलेल्या पीचच्या फोडी. पळणारे तिथे थांबायचे, कारण न थांबून करतात काय, आणि पहिला आलेला तिच्या दारात बरेचदा तिसरा होऊन निघायचा. शेवटच्याला द्यायचा कांदाही तिच्याच वाफ्यातला. शेवटचा माणूस तिच्या दारात आला की ती दारामागे टांगलेल्या कांद्यांच्या वेणीतून एक तोडून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "जा, आता सगळे तुझीच वाट बघतायत." ओरोसिया पळायला लागल्यापासून तो कांदा बहुतेक तिलाच मिळायचा. वाटेत सगळ्यांशी बोलून झाल्याशिवाय ती पुढे जाते कुठे?

मग निकानोरचा नातू रुबेन जिंकायला लागला. सारागोसा शहराचा पोरगा, तिथल्या क्लबात पळणारा, मनगटावर बोलणारं घड्याळ. पोरगा वाईट नाही, सांगून ठेवतो. आजोबांच्या पाया पडल्यासारखा वाकून नमस्कार करतो. पण त्याने वाट सांगितली ती डांबरी रस्त्याची. पुलापर्यंत जायचं, पुलाला शिवायचं, परत यायचं. सपाट. वरच्या आळीत दगड आहेत, पाय मुरगळेल, सप्टेंबरात त्याची मोठी स्पर्धा असते, वगैरे. जिंकला, तीच वाट पुन्हा सांगितली. पुन्हा जिंकला, पुन्हा तीच. कांदा आता दुकानातून यायला लागला, प्लास्टिकच्या जाळीतला.

मावशीने एक-दोन वर्षं टेबल मांडलं. मग मांडायचं सोडून दिलं.

यंदाच्या वसंतात एके दिवशी ओरोसिया वरून आली ती बारमध्येच शिरली आणि पाय न आपटता उभी राहिली. मी घाबरलो.

"एल्विरा येणार आहे," ती म्हणाली. एल्विरा म्हणजे मावशीची सारागोसातली मुलगी. "सण झाला की मावशींना घेऊन जाणार. मावशी जायला तयार झाल्यात."

"मावशी? त्या दवाखान्यात जायला तयार होत नाहीत."

"म्हणतात, इथे बसून बघू काय? तिथे निदान खिडकीतून बस तरी दिसतात." तिने काउंटरवरचा फडका उचलून तोंड पुसलं, माझा फडका. "मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणाल्या, शर्यत परत वर येणार असेल तर राहते. यंदा जो जिंकेल त्याने वरची वाट सांगितली तर राहते. नाहीतर एल्विराच्या गाडीत बसते."

"मग रुबेनला सांग."

"फोन केला. सप्टेंबर, पाय, स्पर्धा."

"मग?"

"मग मीच जिंकणार."

मी हसलो नाही. हसू दाबताना मला खोकला आला, ते वेगळं.

पण बाईने कंबर कसली. दारादारात थांबणं बंद झालं. नुसता हात हलवून जायची आणि मागे लोक तोंड वासून राहायचे. "आजारी आहे का ती?" "आमच्यावर रागावली का?" निकानोरने तर दोन दिवस तिच्याकडचा पाव घेतला नाही. विहिरीचा फेरा, दगडांचा फेरा, वरची आळी, सगळं एका दमात. संध्याकाळी पुन्हा. नवरा म्हणाला, रात्री झोपेतही तिचे पाय हलतात. फक्त मावशीच्या दारात थांबणं तिने सोडलं नाही.

"जिंकशील का गं?" मावशी विचारायची.

"जिंकेन."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

"चढून आलेय म्हणून लाल आहेत."

सणाचा दिवस उजाडला. सकाळी मिरवणूक झाली, संत रोकेंची मूर्ती आपल्या कुत्र्यासह चौकात येऊन बसली. कोंबडे पिंजऱ्यात घालून उंच खांबाला टांगले. त्यांनी वरून जो आरडाओरडा चालवला, त्यापुढे बँडवाल्यांना कुणी ऐकेना. मी वाइनच्या पिंपापाशी हातोडा घेऊन उभा. ते माझं वर्षानुवर्षांचं मानाचं काम.

ओरोसिया पहिल्या रांगेत रुबेनच्या शेजारी उभी होती. तिचं डोकं जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होतं. त्याने तिला हसून सांगितलं, "काकू, श्वास नाकाने घ्या."

"तुझ्या वयाचा मुलगा आहे मला," ती म्हणाली. "नाक मीच पुसलंय त्याचं."

सुरुवातीचा फटाका उडाला आणि पोरं सुटली. मी मान उंच करून जमेल तितकं बघितलं. पहिल्या वळणापर्यंत ती खरंच पहिल्या पाच-सहाजणांत होती, खोटं सांगत नाही. चौकात सगळे किंचाळत होते, मीही. मला वाटलं, आता माझा गळा फुटेल. मग रस्ता खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

रुबेन आला. घड्याळाकडे बघत, घाम पुसत, पाव आणायला गेल्यासारखा निवांत. मागून दुसरा, तिसरा. मग एकेक करत बाकीचे. सगळ्यांत शेवटी सरपंचबाईंचा नवरा आला, पोट पुढे आणि चेहरा जांभळा. ओरोसिया नाही.

"पुलापर्यंत माझ्या पुढे होती," तो म्हणाला. "मग पाय जड पडायला लागले तिचे. पुलाला शिवून परत फिरल्यावर मी तिच्या पुढे गेलो. मागे वळून बघितलं तर रस्त्यावर नव्हतीच. बहुतेक शेळ्यांच्या वाटेने वर गेली."

वर. मी वर बघितलं. शेळ्यांची वाट कुठे जाते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही थांबलो. ऊन चढत गेलं. तव्यावरची मिगास, लसणात परतलेला पावाचा चुरा, वाळून कडक झाली. मुलं रडायला लागली. रुबेनने विचारलं, "आता देऊन टाकायचे ना कोंबडे? मला संध्याकाळची गाडी आहे."

"कांदा यायचाय," मी म्हटलं.

"पण ती तर वाट सोडून गेली. म्हणजे बाद."

सरपंचबाई पुढे आल्या. "बरोबर आहे. वाट सोडली म्हणजे ओरोसिया बाद. एव्हारिस्तो, फोडा पिंप."

"फोडतो," मी म्हटलं. "मग तिच्या पुढचा तो शेवटचा. आणा तो कांदा. तुमच्या यजमानांना द्यायचा."

सरपंचबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चर्चच्या मनोऱ्याकडे पाहिलं.

"थांबू या थोडं," सरपंचबाई म्हणाल्या. "आजेपणजे काही वेडे नव्हते."

तेवढ्यात वरून आवाज आला. गाईच्या गळ्यातली मोठी घंटा कुणीतरी जीव तोडून वाजवत होतं. सगळ्यांनी माना वर केल्या. वरच्या आळीच्या टोकाला, मावशीच्या कुंपणाच्या भिंतीवर, एक बाई उभी राहून एप्रन हलवत होती. तिच्या शेजारी काळ्या कपड्यांतलं एक लहानसं वाकलेलं काहीतरी घंटा हलवत होतं.

"ओरोसिया बसलीय तिथे," निकानोर म्हणाला. "आणि ती उतरणार नाही. मी ओळखतो तिला. आपल्याला उपाशी मारील."

"मग काय करायचं?" रुबेन म्हणाला.

"काय करणार? कांदा येत नसेल तर आपण कांद्याकडे जायचं."

असं सगळं गाव निघालं. रुबेनने खांबावरचे पिंजरे काढून खांद्यावर घेतले, कोंबडे त्याच्या कानात ओरडत होते. मी आणि सेबास्तियानने पिंप उचललं. बँडवाले आले. संत रोके तेवढे चौकात राहिले. त्या चढाला मी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

प्रिस्का मावशीच्या दारात टेबल मांडलेलं होतं. धुतलेला, इस्त्री केलेला टेबलक्लॉथ, मोठा वाडगा, वाडग्यात वाइन आणि पीच. म्हणजे तिने फोडी आदल्या दिवशीच मुरत घातल्या होत्या. कुणी येणार नाही हे माहीत असताना. ते बघून पिंपाचं ओझं मला जाणवेनासं झालं. ओरोसिया भिंतीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, बूट काढलेले.

"मला नाही जमलं जिंकायला," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "म्हटलं, निदान येऊन मावशींना स्वतः सांगावं."

मावशीने काठी आपटली.

"हे काय?" ती ओरडली. "चालत आलात? वरात आहे का कुणाची? माझ्या दारात लोक पळत यायचे! जा खाली! आळीखालच्या हौदापर्यंत जा आणि पळत या, नाहीतर एक थेंब मिळायचा नाही कुणाला!"

"मावशी, ऊन बघा किती आहे," मी म्हटलं.

"एव्हारिस्तो, तुला मी लंगोटात पाहिलंय. जा!"

गेलो. काय करता? सगळं गाव हसत, कुरकुरत हौदापर्यंत उतरलं आणि तिथून वर सुटलं. दगडांवरून, गवत आलेल्या उंबऱ्यांवरून, बंद दारांवर हात आपटत. सरपंचबाईंनी चपला हातात घेतल्या. बँडचा ढोलवाला ढोलासकट पळाला. रुबेन पहिला आला, पण यावेळी तो टेबलाला धरून वाकला आणि धापा टाकत राहिला.

"घड्याळ काय म्हणतंय तुझं?" मावशीने विचारलं.

"म्हणतंय," तो म्हणाला, "की मी मेलोय."

मावशी हसली. तिने त्याच्यासाठी पेला भरला. पेला ओसंडला, लाल थेंब पांढऱ्या कापडावर सांडले, तिने ते बघितलेही नाहीत. रुबेन बघत होता. त्याने पेला घेतला, एका दमात संपवला, पीचची फोड चावली आणि कोंबड्यांचा पिंजरा उचलला.

"पुढल्या वर्षीची वाट," तो म्हणाला. "हीच. वरची. मावशींच्या दारातून. फक्त वाइन शर्यतीनंतर."

"ते मी ठरवीन," मावशी म्हणाली.

ओरड एवढी उठली की कोंबडेही गप्प बसले. मी सरपंचबाईंच्या नवऱ्याला मिठी मारली, ज्याच्याशी माझं वर्षानुवर्षं पटत नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, अजून एक माणूस यायचाय.

ओरोसिया येत होती. अनवाणी. निकानोरला दंडाला धरून, त्याच्या पावलाने, मध्येच थांबत, बोलत.

"सून आली का तुमची?"

"तू गप्प चाल. तीन महिने बोलली नाहीस, आता सगळं आजच विचारणार का?"

दाराशी तिने त्याला आधी पुढे केलं. म्हणजे शेवटची तीच. मावशी काठी टेकत दारामागे गेली आणि वेणीतून एक कांदा तोडून आणला. वाफा तिने सोडला नव्हता. दरवर्षी कांदे काढत होती, वेणी घालत होती, दारामागे टांगत होती.

"घे," ती म्हणाली. "जा, आता सगळे..." आणि इकडेतिकडे बघून थांबली, कारण सगळे तिथेच होते.

ओरोसियाने कांदा दोन्ही हातांत घेतला आणि ढसाढसा रडायला लागली.

"अजून चिरलासुद्धा नाहीस," मावशी म्हणाली, "आणि आताच रडतेस?"

पुढच्या आठवड्यात एल्विरा गाडी घेऊन आली. कांद्याची एक वेणी, पीचची बरणी आणि भरपूर शिव्या घेऊन एकटीच परत गेली. ओरोसिया पुन्हा दारादारात थांबायला लागली आहे. निकानोरला पुन्हा गरगरतं, आणि तो खूश आहे.

परवा ती वरून आली आणि बारच्या दारात पाय आपटत उभी राहिली. "मावशींचा निरोप आहे. बाजाराला जाशील तेव्हा कांद्याचं बी आण. आणि नेहमीपेक्षा जास्त आण म्हणाल्या."

"जास्त कशाला? शेवटचा एकच असतो."

"त्या म्हणाल्या, पुढल्या वर्षी एव्हारिस्तो पळणार आहे. त्याला जाताना एक आणि येताना एक लागेल."

मी तिला हाकलून दिलं. मग बार बंद केला, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि धुण्याच्या दगडांपर्यंत जाऊन आलो. चालतच गेलो होतो. परतताना मात्र थोडासा पळलो, आणि चौकात निकानोर शिडी घेऊन उभा होता.